पडद्यावरचा सिद्धार्थ : चार दृश्ये की रोहिणीचे पाणी?

२०१३ या एकाच वर्षी तथागतांची दोन चरित्रे पडद्यावर आली. एक प्रवीण दामले यांचा 'अ जर्नी ऑफ सम्यक बुद्ध' हा हिंदी चित्रपट. त्यास बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचा आधार होता. दुसरी झी टीव्हीवरील 'बुद्धा : राजाओं का राजा' ही मालिका. मालिका घराघरांत पोहोचली. आज धम्मवर्गात सिद्धार्थाने गृहत्याग का केला असे विचारले, तर अनेक मुले म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार बोटे मोजतात. त्यांच्या घरी ग्रंथ बाबासाहेबांचा असतो, उत्तर मात्र मालिकेचे असते. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

चार दृश्यांचे हे कथानक पडद्याला नवे नाही. एडविन अर्नोल्ड यांच्या १८७९ च्या इंग्रजी काव्यावरून हिमांशु राय व फ्रान्झ ऑस्टेन यांनी १९२५ साली 'प्रेम संन्यास' हा मूकपट काढला, तेव्हापासून ते चालत आले आहे. बर्तोलुची यांच्या 'लिट्ल बुद्धा' (१९९३) मध्येही तेच आहे. दिग्दर्शकास त्याचा मोह पडावा हे आम्ही समजू शकतो. राजवैभव, बंदिस्त प्रासाद आणि अचानक समोर आलेला जराजर्जर देह, एवढे मिळाल्यावर कॅमेऱ्यास आणखी काय हवे?

आमचा आक्षेप अद्भुततेला नाही, व्यक्तिरेखेला आहे. ज्याचे वय २९ वर्षांचे आहे, ज्यास पत्नी व पुत्र आहेत, त्याने वृद्ध माणूस कधी पाहिलाच नव्हता हे संभवत नाही, ही शंका बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केली. कथनाच्या दृष्टीनेही ती मर्मावर बोट ठेवणारी आहे. या कथेतला सिद्धार्थ काही करीत नाही. त्याला दाखविले जाते आणि तो हादरतो. असा नायक भाबडा ठरतो, आणि त्याच्याकडून पुढे अडीच हजार वर्षे टिकणारा विचार कसा निघाला, हे कोडे कोणत्याही पटकथेस सुटत नाही.

पाली वाङ्मयाची साक्ष या बाबतीत लक्षणीय आहे. महापदानसुत्तात चार दृश्यांची कथा येते, पण ती विपस्सी बुद्धांसंबंधी. गोतमाच्या चरित्रात ती ठसठशीतपणे येते ती निदानकथेसारख्या उत्तरकालीन रचनेत. अरियपरियेसनसुत्तात स्वतः भगवान आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात, तेथे मध्यरात्रीचे पलायन नाही. आईवडील रडत असता त्यांनी घर सोडले आहे. जरा, व्याधी, मरण यांचे चिंतन अंगुत्तरनिकायात आहे हे खरे, तथापि ते एका विचारी तरुणाचे चिंतन आहे, त्यात रथ नाही व सारथी नाही. अत्तदण्डसुत्तात मात्र परस्परांवर शस्त्र उगारणारी माणसे पाहून मनात दाटलेल्या भयाचा उल्लेख येतो. धर्मानंद कोसंबी, ज्यांनी याच पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, त्यांनी 'भगवान बुद्ध' (१९४०) मध्ये हे सुत्त पुढे ठेवून शाक्य-कोलियांच्या कलहाकडे लक्ष वेधले होते.

बाबासाहेबांनी त्या कलहातून जे उभे केले, त्यास आम्ही निःसंकोचपणे नाट्य म्हणू. विसाव्या वर्षी संघाचा सभासद झालेला सिद्धार्थ आठ वर्षे सभेत बसला आहे. रोहिणीच्या पाण्यावरून तंटा होतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो, दोन्हीकडचे दोन दोन पंच नेमावेत, त्यांनी पाचवा निवडावा, असे सुचवितो आणि मोठ्या बहुमताने हरतो. दुसऱ्या दिवशी सक्तीच्या सैन्यभरतीचा ठराव येतो. कालचे समर्थक गप्प बसतात. तो एकटा उठून नकार देतो. मग देहदंड, देशत्याग, कुटुंबावर बहिष्कार व जमीनजप्ती यांची भीती पुढे ठेवली जाते. कुटुंबाचा बहिष्कार म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. घरच्यांना शिक्षा नको म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. या कथेतला प्रत्येक टप्पा त्याने स्वतः निवडलेला आहे.

यशोधरेचेही तेच. लोकप्रिय चित्रणात ती झोपलेली असते, तिला सोडून जावयाचे असते. बाबासाहेबांच्या ग्रंथात ती जागी आहे, वृत्तांत तिला आधीच कळला आहे, ती ढासळत नाही व त्याच्या निर्णयास संमती देते. एखाद्या समर्थ अभिनेत्रीस याहून मोठे आव्हान कोणते?

येथे आपल्या माणसांसही दोन शब्द सुनावणे भाग आहे. बाबासाहेबांच्या सिद्धार्थाला आपण पडद्यावर आणतो, नाटकांत आणतो, तेव्हा हात जोडून आणतो. जन्मापासून त्याच्या मुखावर प्रतिमेतील स्मित असते. मत हरल्यावर त्याला रात्री झोप लागली काय, भरसभेत एकटे उभे राहताना कंठ दाटला काय, हे विचारण्यास आपण धजत नाही. श्रद्धेपोटी का होईना, आपणही त्याला माणूसपणापासून दूर नेतो आणि मग मुले मालिकेकडे वळली म्हणून तक्रार करतो. (देवदत्ताने पाडलेल्या पक्ष्याची गोष्ट बाबासाहेबांनीही घेतली आहे, हेही ध्यानात असावे. सुंदर कथेशी त्यांचे वैर नव्हते.)

ग्रंथातील एक प्रसंग आम्हांस पुनःपुन्हा आठवतो. राजगृहाजवळ पाच परिव्राजक येऊन सांगतात की शाक्य व कोलिय यांचा समेट झाला, आता परत जाण्यास हरकत नाही. ज्यासाठी घर सोडले ते कारणच उरलेले नाही. पुढ्यात कपिलवस्तूची वाट आहे, यशोधरा आहे, राहुल आहे. ते परिव्राजक निघून गेल्यावर तो विचार करीत बसतो. एक भांडण मिटले, पण राजाराजांत, वर्गावर्गांत, घराघरांत चाललेली भांडणे तशीच आहेत. पार्श्वसंगीत न वाजविता, त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिर ठेवून, ही काही मिनिटे कोणी दाखवील तर आम्ही ती पाहावयास पहिल्या रांगेत बसू.