भोपाळ वायुकांडाची लोकस्मृती : एक चिकित्सा

प्रस्तावना

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड कंपनीच्या कीटकनाशक कारखान्यातील साठवणटाकीत पाणी शिरले. टाकीतील मिथाइल आयसोसायनेट या रसायनाची अनियंत्रित प्रक्रिया सुरू झाली आणि सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. ती आटोक्यात आणण्यासाठी उभारलेल्या सुरक्षायंत्रणा त्या वेळी बंद होत्या अथवा अपुऱ्या ठरल्या. कारखान्याला लागून असलेल्या जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांत मोलमजुरी करणारी, हातगाडी ओढणारी, विड्या वळणारी माणसे राहत होती. ३ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या वर्षांत फुप्फुसांच्या, डोळ्यांच्या व अन्य विकारांनी आणखी अनेकांचे बळी घेतले.

या घटनेच्या तांत्रिक, वैद्यकीय आणि कायदेशीर बाजूंवर विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्यांचे आप्त गेले त्या सामान्य माणसांनी मृतांचे स्मरण कोणत्या रीतीने केले, या प्रश्नाचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात या लोकस्मृतीच्या चार रूपांची, म्हणजे शिल्प, छायाचित्र, मोर्चा-सभा आणि संग्रहालय यांची चिकित्सा केली आहे. त्यासाठी दोन निकष मानले आहेत. पहिला, मृताला व्यक्ती म्हणून ओळख मिळते का? दुसरा, मागे राहिलेल्या जिवंत माणसांविषयीची जबाबदारी त्या स्मरणातून पुढे येते का? लोकस्मृतीचे महत्त्व तिच्या भावनिक उत्कटतेपेक्षा या दुसऱ्या निकषावर अधिक स्पष्ट होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

शासकीय स्मरणाची चौकट

लोकस्मृतीचे स्वरूप समजण्यासाठी आधी शासकीय स्मरणाकडे पाहणे आवश्यक ठरते. १९८५ च्या कायद्याने केंद्र शासनाने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तडजोड ठरविताना पीडितांना विचारण्यात आले नाही. पुढे दावा न्यायालयांनी ५,२९५ मृत्यू भरपाईसाठी मान्य केले. पीडितांच्या संघटनांच्या मते मृतांची संख्या २० हजारांच्या पुढे आहे. २००६ मध्ये शासनाने दिलेल्या प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांची संख्या ५,५८,१२५ नोंदविलेली आहे आणि यांपैकी बहुसंख्यांच्या वाट्याला प्रत्येकी २५ हजार रुपये आले. अशा रीतीने मृत व्यक्ती प्रथम दावा-क्रमांक झाली आणि नंतर रक्कम झाली.

शासकीय स्मरणविधीही याच चौकटीत बसतो. दरवर्षी ३ डिसेंबरला भोपाळमध्ये स्थानिक सुट्टी असते व बरकतुल्ला भवनात सर्वधर्म प्रार्थनासभा होते. २ डिसेंबर हा दिवस देशभर ‘राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन’ म्हणून पाळला जातो. या नावात शहर नाही, कारखाना नाही आणि मेलेली माणसेही नाहीत. घटनेला सर्वसामान्य विषयाचे रूप दिले की जबाबदारीचा प्रश्न आपोआप मागे पडतो. मध्य प्रदेश शासनाने २००५ मध्ये कारखान्याच्या जागी स्मारक उभारण्यासाठी राष्ट्रीय स्पर्धा घेऊन आराखडा निवडला. पण ज्या जमिनीतील आणि भूजलातील विष काढलेले नाही, तिच्यावर स्मारक कसले, असा पीडितांचा सवाल होता. आराखडा निवडून दोन दशके लोटली, तरी ते स्मारक उभे राहिलेले नाही.

शिल्प : रस्त्याकडेची आई

पीडितांच्या वस्तीत स्मारक उभे राहण्यास मात्र इतका काळ लागला नाही. नाझी वंशसंहाराची झळ सोसलेल्या डच शिल्पकर्त्री रूथ वॉटरमन यांनी घडविलेले मातेचे शिल्प शासकीय पुढाकाराविना १९८५ मध्येच कारखान्यासमोर, जयप्रकाशनगरच्या बाजूला उभारण्यात आले. हाताने चेहरा झाकून घेतलेली, कवेत मूल असलेली आणि मागे दुसरे मूल बिलगलेली ही स्त्री पळते आहे. तिला उंच चौथरा नाही, भोवती उद्यान नाही. हिरोशिमा व भोपाळ ही दोन नावे तेथे एकत्र कोरलेली आहेत.

स्मारकशिल्पाच्या रूढ कल्पनेत वीराची ताठ मुद्रा अपेक्षित असते. येथे भयाचा क्षणच शिल्पित झाला आहे आणि त्यामुळे मृत्यूला हौतात्म्याचे खोटे तेज चढत नाही. ही माणसे कोणत्याही ध्येयासाठी मेली नाहीत, झोपेत असताना मारली गेली, हे सत्य शिल्प लपवीत नाही. दुसरी लक्षणीय बाब तिच्या जागेची. शिल्पापासून कारखाना दूर नाही. पाहणाऱ्याला दुःख आणि त्याचे कारण एकाच फेरीत दिसतात. पहिल्या निकषावर मात्र शिल्प अपुरे पडते. ही आई सर्वांची आहे, म्हणून ती कोणा एकीची नाही. वर्धापनदिनी तिच्यापाशी येणारी माणसे फुले आणि आपापल्या मृतांची छायाचित्रे घेऊन येतात, ती बहुधा हीच उणीव भरून काढण्यासाठी.

छायाचित्र : अनोळखी मूल

भोपाळची जगभर पोचलेली प्रतिमा म्हणजे मातीत पुरल्या जाणाऱ्या अनोळखी बालकाचे छायाचित्र. रघु राय यांचे कृष्णधवल आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांचे रंगीत अशी या दफनाची दोन छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ या वर्षासाठीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ सन्मान मिळाला. पुढे ही प्रतिमा मोर्चांच्या फलकांवर आणि पत्रकांवर आली व पीडितांनीही ती आपली मानली.

या प्रतिमेची शक्ती निर्विवाद आहे. तथापि तिच्यातील ताणही ध्यानात घ्यावा लागतो. त्या बालकाचे नाव कधीच कळले नाही. म्हणजे संपूर्ण दुर्घटनेची सर्वांत परिचित ओळख एका ओळख नसलेल्या मृताची आहे. छायाचित्र दूरच्या प्रेक्षकाला हेलावते, पण ते त्याला एका क्षणापाशी थांबवते. १९८४ नंतर श्वास अपुरा पडत जगलेली बाई त्या चौकटीत येत नाही, दूषित पाणी पिऊन वाढलेली पिढीही येत नाही. इंद्र सिन्हा यांच्या ‘ॲनिमल्स पीपल’ (२००७) या कादंबरीत निवेदक आपली कहाणी एका परदेशी पत्रकाराच्या ध्वनिफितींवर सांगतो आणि ती ऐकणाऱ्यांच्या नजरेविषयी संशय बाळगतो. दुःखाच्या प्रतिमा पाहणाऱ्याचा नेमका हेतू कोणता, हा प्रश्न भोपाळच्या संदर्भात अनाठायी नाही.

मोर्चा, झाडू आणि शनिवारची सभा

लोकस्मृतीचे सर्वांत जिवंत रूप स्त्रियांच्या संघटनांत आढळते. अब्दुल जब्बार (निधन २०१९) यांच्या नेतृत्वाखालील भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संगठनची सभा अनेक वर्षे दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी उद्यानात भरत असे. तेथे मृतांच्या आठवणी निघत आणि त्यांच्याच जोडीला औषधे, दाव्यांच्या तारखा, रोजगार यांची चर्चा होई. वर्षश्राद्ध किंवा बरसी वर्षातून एकदा येते. येथे स्मरण दर आठवड्याला होते आणि ते रोजच्या व्यवहारापासून वेगळे काढता येत नाही.

रशीदा बी व चंपादेवी शुक्ला या दोघी एका लेखनसामग्री-निर्मिती केंद्रातील कामगार. त्यांनी उभारलेल्या संघर्षाने झाडू हे प्रतीक निवडले. २००१ मध्ये युनियन कार्बाइड ही डाऊ केमिकल कंपनीच्या मालकीची झाल्यावर ‘झाडू मारो डाऊ को’ हे आंदोलन सुरू झाले. डिसेंबर २००२ मध्ये मुंबईतील डाऊच्या कार्यालयावरही स्त्रिया झाडू घेऊन गेल्या. ज्या वस्तूने घर झाडायचे तिनेच कंपनीला तिचा कचरा उचलण्याची आठवण करून द्यायची, हा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. २००६ व २००८ मध्ये पीडित भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेले. २००४ मध्ये मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या रकमेतून या दोघींनी विकलांग मुलांच्या उपचारासाठी चिंगारी ट्रस्ट स्थापन केला. मृतांच्या नावाने जिवंत मुलांची शुश्रूषा, हे या स्मरणाचे मर्म होय. दुसऱ्या निकषावर हे रूप सर्वांत सरस ठरते.

संग्रहालय : वस्तू आणि आवाज

२ डिसेंबर २०१४ रोजी, तिसाव्या वर्धापनदिनी, भोपाळमध्ये ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालय सुरू झाले. शासनाचा वा कंपन्यांचा पैसा न घेता एका लहानशा घरात ते उभे राहिले. पीडित कुटुंबांनी जपून ठेवलेले कपडे, छायाचित्रे व घरगुती वस्तू तेथे मांडल्या गेल्या. भिंतीवरील दूरध्वनीचा श्रवणी उचलून कानाला लावला की त्या वस्तूमागील माणसाची कहाणी आप्तांच्याच आवाजात ऐकू येते.

या मांडणीत दोन्ही निकष एकत्र येतात. लहान मुलाचा अंगरखा पाहताना आकडा आठवत नाही, ते अंग आठवते. श्रवणी कानाला लावणाऱ्याला गर्दीत उभे राहून ऐकता येत नाही, सांगणारा त्याच्याशी एकट्याशी बोलतो. सांगणाऱ्याचा सूर दयेची याचना करीत नाही. तो घडलेले सांगतो, दोषी कोण ते सांगतो आणि काय राहून गेले तेही सांगतो. हमीदिया रुग्णालयात ज्या मृतदेहांना ओळख पटेपर्यंत केवळ क्रमांक होते, त्यांच्यापैकी काहींना तरी येथे नाव परत मिळाले, असे म्हणता येईल.

लोकस्मृतीच्या मर्यादा

लोकस्मृती सामान्यांची आहे म्हणून ती चिकित्सेच्या पलीकडे जात नाही. संघटनांत मतभेद झाले आणि वर्धापनदिनाचे कार्यक्रम वेगवेगळे होऊ लागले. दरवर्षी तोच पुतळा जाळण्याच्या कृतीला विधीचा साचेबंदपणा येतो. वॉरेन अँडरसन २०१४ मध्ये खटल्याला सामोरे न जाताच मरण पावल्यावर तर त्या पुतळ्यातील मागणीही बदलून गेली. साक्षीदारांची पिढी वृद्ध होत आहे आणि त्यांच्यानंतर आवाज उरले तरी उलट प्रश्न विचारण्याची सोय उरणार नाही.

याहून गंभीर प्रश्न २०२५ मध्ये पुढे आला. त्या वर्षाच्या जानेवारीत कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे हलविण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून झाला. पीथमपूरच्या रहिवाशांनी त्याला तीव्र विरोध केला. पीडितांच्या संघटनांनीही हा कचरा कंपनीने आपल्या देशात न्यावा, अशी भूमिका वेळोवेळी घेतली होती. जमिनीत व भूजलात मुरलेले विष या ३३७ टनांत धरलेले नाही. एका वस्तीचे दुःख हलके करताना दुसऱ्या वस्तीच्या दारात भय नेऊन ठेवले गेले असेल, तर मृतांचा सन्मान झाला असे मानता येणार नाही. भोपाळच्या स्मृतीला यापुढे पीथमपूरलाही सामावून घ्यावे लागेल.

असे सामावून घेण्याची क्षमता या स्मृतीत आहे, याचा दाखला महाराष्ट्रात मिळतो. २००८ मध्ये पुणे जिल्ह्यात चाकणजवळ शिंदे-वासुली येथे डाऊच्या नियोजित संशोधन केंद्राला ग्रामस्थांनी व वारकऱ्यांनी विरोध केला. भोपाळचा एकही मृत त्यांचा नातलग नव्हता, तरी या आंदोलनात भोपाळचे नाव वारंवार उच्चारले गेले. अखेर कंपनीने तो प्रकल्प तेथून मागे घेतला. परक्यांच्या मृत्यूपासून आपल्या गावासाठी बोध घेणे हाही स्मरणाचाच एक प्रकार होय.

समारोप

२०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि मार्च २०२३ मध्ये वाढीव भरपाईसाठीची शासनाची उपचारात्मक याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायाच्या बहुतेक वाटा अशा रीतीने संपत आल्या असताना लोकस्मृतीवरील भार वाढला आहे. शिल्पाने दुःख त्याच्या कारणासमोर उभे केले, छायाचित्राने ते जगापर्यंत नेले, संग्रहालयाने मृतांना नाव व आवाज दिला आणि स्त्रियांच्या संघटनांनी त्या नावांना औषधाची, पाण्याची व उपचाराची मागणी जोडली. या चारही रूपांत शेवटचे अधिक मोलाचे ठरते, कारण त्यात मृतांची आठवण आणि जिवंतांची काळजी वेगळी करता येत नाही. कारखान्याच्या जागी पुढेमागे शासकीय स्मारक उभे राहिलेच, तर आसपासच्या वस्तीतील नळाला स्वच्छ पाणी येते की नाही, या एका गोष्टीवरून त्याची पारख करावी लागेल.