पोटातला महासागर कुणी पाहिला?

दर काही महिन्यांनी कुठल्या तरी ग्रुपवर ते चित्र येतंच. कापलेल्या कलिंगडासारखी पृथ्वी, आत निळंशार पाणी आणि वर मथळा: जमिनीखाली 700 किलोमीटरवर महासागर सापडला! पाठोपाठ पाताळाचे दाखलेही हजर. मला हे चित्र खोटं वाटतं, त्याहून जास्त आळशी वाटतं.

त्यामागचा मूळ शोधनिबंध 2014 साली 'सायन्स'मध्ये आला. ब्रँडन श्मँट, स्टीव्हन जेकबसेन आणि सहकाऱ्यांचा. तो वाचला की कळतं, पाणी कुणी पाहिलेलंच नाही. ऐकलंय, तेही आडून. दूरच्या भूकंपाची पी लहर वर येताना प्रावरणातली सीमा ओलांडते, तेव्हा तिचा थोडा भाग एस लहर होऊन निघतो. एस संथ. म्हणून यंत्रावर पी उमटल्यानंतर काही सेकंदांनी एक बारीकशी थरथर येते. 410 किलोमीटरवरच्या सीमेची साधारण 44 सेकंदांनी, 660 ची 68 च्या आसपास. लहरींचा वेग ठाऊक असला की या उशिरावरून खोली निघते. एकट्या नोंदीत ही थरथर गोंगाटात बुडते, मग ढीगभर नोंदी एकमेकींवर रचायच्या. रात्री दोनला सर्व्हरचे लॉग चाळणाऱ्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

आणि या सीमा म्हणजे काही भिंती नाहीत. 410 वर ऑलिव्हिनच्या अणूंची मांडणी बदलते, 660 वर रिंगवुडाइट मोडतं. रिंगवुडाइटच्या स्फटिकात हायड्रॉक्सिलच्या रूपात पाणी अडकू शकतं. ब्राझीलमधल्या एका हिऱ्यातल्या कणात ते वजनाच्या सुमारे दीड टक्का निघालं, तेही 2014 मध्येच जाहीर झालं. उत्तर अमेरिकेखाली जिथे प्रावरण खाली सरकतंय, तिथे 660 च्या जरा खाली लहरी मंदावलेल्या दिसल्या. रिंगवुडाइट मोडताना पाणी सुटून खडक किंचित वितळला असेल, तर हे जुळतं. निबंध इतकंच म्हणतो.

थर इतका अवाढव्य आहे की टक्का-दीड टक्का धरला तरी बेरीज महासागरांएवढी होते. तेवढ्यापुरती ती उपमा ठीक. मथळेवाल्यांनी उपमा ठेवली आणि दगड फेकून दिला. हाताला कोरडा लागणारा, तरी अणूंच्या फटीत ओल धरून बसलेला दगड! वाचकाला तो दाखवायचा सोडून स्विमिंग पूल दाखवला. 'जुळतं'चं 'सापडलं' झालं ते वेगळंच.

निबंधाच्या शीर्षकात महासागर नाही. तिथे आहे पाणी निघून गेल्यामुळे होणारं वितळणं, खालच्या प्रावरणाच्या माथ्यावर.