काजळीवरचा आवाज आणि त्याची मोजपट्टी

ध्वनिमुद्रणाचा इतिहास वर्गात सांगायचा झाला की आपण बहुधा १८७७ सालापासून, म्हणजे एडिसनच्या फोनोग्राफपासून सुरुवात करतो. त्याआधीच्या एका फ्रेंच उपकरणाचा उल्लेख झालाच तर तो एका ओळीत उरकतो : त्यात आवाज नोंदवला जाई, पण परत ऐकवता येत नसे. ही ओळ खोटी नाही. परंतु ती अन्यायकारक आहे, आणि विज्ञान शिकवण्याची एक चांगली संधी तिच्यामुळे दवडली जाते, असे आम्हांला वाटते.

उपकरणाचे नाव फोनोटोग्राफ. त्याचा कर्ता एदुआर-लेआँ स्कॉट द मार्तेंव्हील हा पॅरिसमधला मुद्रितशोधक. शरीरक्रियाशास्त्राच्या एका पुस्तकाची मुद्रिते तपासताना कानाची रचना त्याच्या नजरेस आली आणि कानाच्या पडद्याची नक्कल करण्याची कल्पना त्याला सुचली. मार्च १८५७ मध्ये त्याने पेटंट घेतले. रचना साधी आहे. पिंपासारख्या पोकळ भांड्याच्या उघड्या तोंडाशी बोलायचे किंवा गायचे. दुसऱ्या टोकाला ताणून बसवलेला पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेला डुकराचा राठ केस, आणि केसासमोर हाताने फिरवायचा दंडगोल. दंडगोलावर दिव्याच्या काजळीने काळा केलेला कागद गुंडाळलेला. पडदा थरथरला की केस काजळी खरवडतो आणि कागदावर नागमोडी पांढरी रेघ उमटते.

ही रेघ पुन्हा ऐकवावी हा स्कॉटचा हेतूच नव्हता. लघुलिपीच्या इतिहासावर त्याने पुस्तक लिहिले होते. बोलणे आपोआप कागदावर लिहिले जावे आणि ते डोळ्यांनी वाचता यावे, ही त्याची आस होती. वाचन त्याला साधले नाही, हे खरे. पण ऐकवता आले नाही म्हणून त्याला अयशस्वी ठरवणे म्हणजे विद्यार्थ्याने जो पेपर दिलाच नाही त्यात त्याला नापास करण्यासारखे आहे. एडिसनचा बोलबाला झाल्यावर १८७८ मध्ये स्कॉटने पुस्तक काढून आपली बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

त्याचे कागद मात्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जपलेले होते. २००८ मध्ये 'फर्स्ट साउंड्स' या अमेरिकन अभ्यासकांच्या गटाने त्यांतील ९ एप्रिल १८६० रोजीच्या एका कागदाची अतिसूक्ष्म छायाचित्रे घेतली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांच्या मदतीने संगणकाने त्या रेघेचे आवाजात रूपांतर केले. सुमारे दहा सेकंदांचा तुकडा ऐकू आला : 'ओ क्लेर द ला ल्यून' या फ्रेंच लोकगीताचे काही स्वर. आवाज एखाद्या मुलीचा किंवा स्त्रीचा वाटला, आणि तसाच तो जगभर गाजला.

दुसऱ्याच वर्षी त्याच अभ्यासकांनी जाहीर केले की तुकडा दुप्पट वेगाने वाजवला गेला होता. योग्य वेगाने तो सुमारे वीस सेकंदांचा होतो, आणि ऐकू येतो तो संथपणे गाणारा पुरुषाचा आवाज, बहुधा खुद्द स्कॉटचा. वेग दुप्पट केला की वारंवारता दुप्पट होते, म्हणजे मध्य सप्तकातला सा तार सप्तकात जातो. पेटीवर हे वर्गात सहज दाखवता येईल.

हा घोटाळा झाला कसा? हाताने फिरवलेला दंडगोल एकसारख्या गतीने फिरत नाही, हे स्कॉट जाणून होता. म्हणून आवाजाच्या रेघेशेजारी त्याने एका नादकाट्याच्या कंपनांची रेघही उमटवून घेतली होती. काट्याची वारंवारता ठाऊक असेल तर त्याच्या लाटा मोजून वेळ काढता येतो. पण त्या काळी फ्रान्समध्ये 'साधी कंपने' मोजण्याची पद्धत होती. कंप पावणारी वस्तू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली की एक साधे कंपन पुरे. आपण मात्र जाऊन परत आल्यावर एक मोजतो. फ्रान्सने १८५९ मध्ये ठरवलेला प्रमाण स्वर ८७० साध्या कंपनांचा होता. आजच्या भाषेत ४३५ हर्ट्झचा. त्याच न्यायाने ५०० साध्या कंपनांचा काटा २५० हर्ट्झचा होतो. त्याला ५०० हर्ट्झचा मानले की पुरुषाची मुलगी होते! सेकंद लंबकाचा आवर्तकाल दोन सेकंद का, हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतोच. त्याची गोम नेमकी हीच आहे.

म्हणून आमच्या मते त्या कागदावरची सर्वांत मोलाची रेघ गाण्याची नव्हे, तिच्या शेजारची आहे. ती नसती तर वेग ठरवायला आधारच उरला नसता आणि चूक कोणाला दाखवताही आली नसती. 'जगातला सर्वांत जुना आवाज' म्हणून जो तुकडा ऐकवला जातो, तो ऐकवणाऱ्याने हे सांगितलेच पाहिजे की कागदावर आवाज नाही, मापन आहे. आणि आवाज हा त्या मापनाचा लावलेला अर्थ आहे. २००८ मध्ये ज्यांना मुलीचा कोवळा गळा ऐकू आला, त्यांचे कान खोटे नव्हते. मोजपट्टी चुकीची वाचली गेली होती. अभ्यासकांनी ती चूक स्वतःहून दुरुस्त केली, ही गोष्टही मुलांना तितक्याच ठळकपणे सांगावी.

वर्गात दोन्ही तुकडे पाठोपाठ ऐकवावेत आणि मग विचारावे : नादकाट्याच्या ५०० लाटा म्हणजे किती सेकंद? काटा ५०० हर्ट्झचा असेल तर एक, २५० हर्ट्झचा असेल तर दोन. उत्तरात एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण कापला की मुले कुरकुरतात. त्यांना स्कॉटची गोष्ट सांगावी. त्याच्या कागदावर आकडा बरोबर होता; एककाचा अर्थ बदलल्यामुळे त्याचा आवाज वर्षभर दुसऱ्याच कोणाचा तरी ठरला होता.