‘अंगावर काढणे’ आणि ‘अहवाल’ : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीच्या मराठी आरोग्यलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

आरोग्यविषयक मराठी लेखनाकडे समीक्षेने क्वचितच लक्ष दिले आहे. कथा, कविता, आत्मचरित्र यांची चिकित्सा होते. परंतु शासकीय दवाखान्यातील भित्तिपत्रक, महिला दिनाच्या पुरवणीतील डॉक्टरांचा लेख किंवा तपासणी शिबिरात वाटले जाणारे घडीपत्रक हे ‘वाङ्मय’ या सदरात मोडत नाही, असे आपण गृहीत धरलेले आहे. वास्तविक, ज्या स्त्रीच्या घरात एकही पुस्तक नाही तिच्या हातीही हे घडीपत्रक पोहोचते आणि त्यातील एका वाक्यावर तिच्या जगण्या-मरण्याचा निर्णय अवलंबून असू शकतो. प्रस्तुत लेखात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीच्या अशा लेखनाचा, त्यातील शब्दकळेचा व गृहीतकांचा विचार केला आहे. ज्या नाशिक शहरात १९९८ पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तेथील भाषाविषयाच्या अध्यापकाने हा विषय परका मानणे योग्य नव्हे, एवढीच त्यामागील भूमिका.

विषयाचे गांभीर्य आकड्यांतून स्पष्ट होते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने मृत्यू पावतात. हा रोग पूर्वावस्थेत ओळखता येतो व त्या अवस्थेतील उपचार साधे असतात. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती, त्यांचे देशातील प्रमाण १.९ टक्के आढळले. या दरीची कारणे अर्थातच केवळ भाषिक नाहीत. पण भाषा त्यांपैकी एक आहे, आणि तिच्याबाबत आपण काही करू शकतो.

‘अंग’ या शब्दाचा व्याप

मराठी स्त्रीला या रोगाबद्दल बोलण्यासाठी शब्दच नाहीत, असे विधान वारंवार केले जाते. ते चुकीचे आहे. ‘अंगावरून जाणे’, ‘अंगावरून पांढरे जाणे’, ‘धुपणी’, ‘अंग बाहेर येणे’, ‘पिशवी’, ‘पिशवीचे तोंड’, ‘पाळी जाणे’ अशी संपन्न शब्दसंपत्ती ग्रामीण व नागर अशा दोन्ही बोलींत आहे. यातील ‘अंग’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. त्याचा अर्थ एकाच वेळी संपूर्ण शरीर असा होतो आणि शरीराचा तो भाग, ज्याचे नाव उच्चारायचे नाही, असाही होतो. संकोच आणि नेमकेपणा यांची ही तडजोड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सासूजवळ, सुइणीजवळ, आता आशा कार्यकर्तीजवळ एवढ्या एका शब्दावर स्त्री आपले दुखणे सांगू शकते.

आणि याच शब्दातून ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार आला आहे. घडीपत्रकांचा तो आवडता वाक्प्रचार होय : ‘स्त्रिया दुखणे अंगावर काढतात.’ वाक्याचा कर्ता स्त्री, क्रिया तिची, म्हणून दोषही तिचाच. दवाखाना किती कोसांवर होता, तेथे तपासणारी स्त्री-डॉक्टर होती का, रोजंदारी बुडवून जाण्याची मुभा होती का, हे प्रश्न त्या वाक्यरचनेत मावत नाहीत. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला व १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे आठवतो. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. ‘अंगावर काढणे’ हा येथे स्वभावदोष ठरत नाही. दुसरा मार्ग उपलब्ध नसणे, असा त्याचा अर्थ होतो.

पत्रकांनी बोलीतील हे शब्द बाजूला सारून ‘श्वेतप्रदर’, ‘ग्रीवा’, ‘योनिमार्गातील स्राव’ अशी संस्कृतप्रचुर परिभाषा स्वीकारली. परिभाषेस आक्षेप नाही. पण ‘शरीरसंबंधानंतर रक्त जाणे’ हे या रोगाचे महत्त्वाचे लक्षण पुष्कळदा यादीच्या तळाशी ‘अनियमित रक्तस्राव’ या सभ्य शब्दांत विरघळून जाते, आणि कारणांच्या यादीत मात्र ‘अनेकांशी संबंध’ व ‘अस्वच्छता’ ठळकपणे येतात. म्हणजे जेथे स्पष्टता हवी तेथे संकोच आणि जेथे संयम हवा तेथे नीतिपाठ. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून मराठीत ज्या विषयांवर उघड लिहिले व त्यासाठी खटले सोसले, त्याला आता शतक होत आले. हा रोग ज्या विषाणूमुळे (एचपीव्ही) होतो त्याचा संसर्ग अत्यंत सामान्य आहे, एकाच जोडीदाराशी संबंध असलेल्या स्त्रीलाही तो होतो आणि बहुतेकदा एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. हे तीन मुद्दे छापले असते, तर निम्मी लाज कमी झाली असती.

लक्षणे आणि तपासणी यांची गल्लत

या लेखनातील सर्वांत गंभीर दोष रचनेचा आहे. प्रथम लक्षणांची यादी येते आणि शेवटी ‘वेळीच तपासणी करून घ्या’ हे वाक्य. वाचणारीचा निष्कर्ष तर्कशुद्ध असतो : मला यातले काही होत नाही, म्हणून तपासणी नको. परंतु चाळणी तपासणी ही ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यासाठीच असते. लक्षणे दिसू लागल्यानंतर करावयाची ती चाळणी नव्हे, ते निदान होय. आणि तेथे पॅप चाचणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी तक्रार सुरू असल्यास पुढील तपासणी टाळता येत नाही. या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे मराठीत स्वच्छपणे सांगितलेले फारच थोडे वाचावयास मिळते.

तथापि लक्षणांविषयी सांगणे निरर्थक आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत, आणि काही वर्षांतच स्त्रिया तुलनेने लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे आढळले. कागदाने न साधलेले काम येथे माणसाने, बोलीत आणि पुन:पुन्हा जाऊन साधले.

उस्मानाबादचा धडा

याच भूमीवर पुढे जगाने दखल घेतलेला अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले : एकात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात कोणतीही चाळणी नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांत विषाणू-चाचणीच्या गटातील (३४,१२६) ३४ स्त्रिया या रोगाने मरण पावल्या. चाळणी नसलेल्या गटातील (३१,४८८) ६४. उरलेल्या दोन गटांत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. याउलट मुंबईच्या झोपडवस्त्यांतील अभ्यासात दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केलेल्या ॲसेटिक आम्लाच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदाच तपासणे आणि पुन:पुन्हा तपासणे यांतील फरक येथे विचारात घ्यावा लागतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने उस्मानाबादचा आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. विषाणूची चाचणी झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहांचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला; ज्यांच्यात खरोखर उपचारयोग्य असा उच्च श्रेणीचा पूर्वबदल आढळला त्या शंभरात जेमतेम एक. म्हणजे दहापैकी नऊ जणींच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ ‘पुढे पाहू या’ एवढाच होता. त्या नऊ जणींनी तो शब्द कसा ऐकला असेल? काही वृत्तपत्रे आता ‘चाचणी सकारात्मक’ असे लिहितात. भयंकर बातमीला ‘सकारात्मक’ म्हणण्याची ही किमया केवळ भाषांतरालाच साधते.

या अभ्यासांची एक काळी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. मुंबई, उस्मानाबाद व तमिळनाडू येथील तीन अभ्यासांत मिळून सुमारे १,३८,००० स्त्रिया चाळणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यांपैकी किमान २५४ या रोगाने मरण पावल्या, असा आक्षेप अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ एरिक सूबा यांनी २०१४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकातून मांडला. भारतात सार्वत्रिक तपासणी मुळात नव्हतीच, त्यामुळे चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली व आरोग्यशिक्षणही दिले गेले, असे संशोधकांचे उत्तर होते. ते वस्तुस्थितीला धरून आहे. पण वस्तुस्थिती हेच समर्थन मानणे प्रस्तुत लेखिकेस पटत नाही. मुंबईच्या अभ्यासातील संमतिपत्रात पुरेशी माहिती नव्हती, असे अमेरिकन शासनाच्या संबंधित कार्यालयानेही म्हटले. संमतिपत्र हाही एक मराठी पाठ आहे. अंगठा उठविणाऱ्या स्त्रीला त्यातील कोणते वाक्य वाचून दाखविले गेले, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारायचा नाही, तर कोणी?

भीतीचा वापर

अर्धवट माहितीचे टोक बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पांढरे जाणे, पोट दुखणे अशा तक्रारींवर ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ असे ऐकविले गेल्याचे अनेकींनी सांगितले. खाडा पडला की मुकादम दंड कापणार, म्हणून पाळीच नको, हा हिशेबही त्यामागे होता. येथे कर्करोगाची जाणीव वाढली होती, यात शंका नाही. ती ज्ञानाऐवजी धाक म्हणून वापरली गेली. पांढरे जाणे हे बहुतांशी साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि पूर्वबदलासाठी गर्भाशय काढावे लागत नाही, केवळ बाधित भाग गोठवून, तापवून किंवा तारेच्या कडीने कापून काढता येतो, ही दोन वाक्ये त्या स्त्रियांपर्यंत पोहोचली नव्हती.

‘पिशवीचा कॅन्सर’ या सरधोपट नावानेही नुकसान होते. गर्भाशयाचे अस्तर, गर्भाशयमुख व बीजांडकोश यांचे कर्करोग वेगळे आहेत. पॅप किंवा विषाणूची चाचणी बीजांडकोशाविषयी काहीही सांगत नाही. तेथे पोट सतत फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला लागणे अशी फसवी लक्षणे असतात. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले, तरी पूर्वीचा अहवाल चांगला होता म्हणून थांबता येत नाही.

एक सूचना

शिबिरानंतर स्त्रीच्या हाती पडणारा अहवाल बहुधा इंग्रजीत असतो व तो शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेतला जातो. त्याला जोडावयाची मराठी चिठ्ठी चार वाक्यांची असावी, असे सुचवावेसे वाटते : ‘तुमच्या पिशवीच्या तोंडाशी काही बदल दिसला आहे. बहुतेक वेळा हा कॅन्सर नसतो. नक्की काय आहे हे पाहण्यासाठी अमुक दिवशी अमुक ठिकाणी दुर्बिणीसारख्या यंत्राने तपासणी होईल. तोपर्यंत कोणी पिशवी काढायला सांगितले तर आधी ही चिठ्ठी दाखवा.’ यातील चौथे वाक्य डॉक्टर मंडळींना आवडणार नाही, याची कल्पना आहे.