लबकचे दिवे आणि न सांगितलेले उत्तर

अमेरिकी हवाई दलाचे कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांचे ‘द रिपोर्ट ऑन अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट्स’ (१९५६) हे पुस्तक उडत्या तबकड्यांवरील सवंग पुस्तकांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. आकाशातील अनोळखी वस्तूंच्या वार्ता तपासणाऱ्या लष्करी पथकाचे ते प्रमुख होते. टेक्सासमधील लबक शहराच्या दिव्यांवरील प्रकरण पुस्तकात सर्वांत वाचनीय आहे. पुस्तकाचा मोठा दोषही तेथेच आढळतो.

२५ ऑगस्ट १९५१ च्या रात्री तेथील तंत्र महाविद्यालयाचे काही प्राध्यापक अंगणात गप्पा मारत बसले असता निळसर-हिरवट दिव्यांचा पुंजका आवाज न करता डोक्यावरून गेला. पुढेही तो अनेकदा दिसला. त्यांची नोंद अशी : उत्तरेस ४५ अंशांवर दिवे उमटतात, दक्षिणेस ४५ अंशांवर दिसेनासे होतात. मधले ९० अंश ३ सेकंदांत.

ही नोंद वर्गात फळ्यावर मांडण्याजोगी आहे. कोन ४५ अंशांचे असल्याने कापलेले अंतर उंचीच्या बरोबर दुप्पट येते. दिवे १५ किलोमीटर उंच मानले, तर वेग ताशी ३६,००० किलोमीटर! ३० मीटर मानले, तर ताशी ७२, म्हणजे एखाद्या पक्ष्याचा. प्राध्यापकांना ही अडचण ठाऊक होती. उंची मोजण्यासाठी दोन तुकड्या करून ते शहराबाहेर उभे राहिले. तेथे दिवे दिसले नाहीत. घरी राहिलेल्या त्यांच्या पत्नींना मात्र दिसले! रस्त्यावरील दिव्यांचा उजेड पोटावर पडलेले प्लोव्हर (टिटवीच्या कुळातील) पक्षी, या तर्काला या गमतीदार तपशिलाने बळ मिळते. रपेल्ट तो तपशील देतात, पण त्यावर थांबत नाहीत.

त्याऐवजी ते सांगतात, की एका शास्त्रज्ञाने कोडे सोडवले असून कारण अगदी साधे, नैसर्गिक आहे; मात्र त्याचे नाव गुप्त राखायचे असल्याने उत्तर देता येत नाही. नाव झाकावे, हे समजू शकते. पण पद्धत का झाकावी? १९६० च्या वाढीव आवृत्तीत उत्तर आले : पाऱ्याच्या दिव्यांचा प्रकाश परावर्तित करणारे रात्रीचे पतंग. ते कसे ताडून पाहिले, हे वाचकाला तपासता येईल असे तेथेही काही नाही.

एका विद्यार्थ्याने काढलेल्या छायाचित्रांबाबत रपेल्ट अधिक प्रामाणिक आहेत. छायाचित्रांत दिवे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात आहेत. प्राध्यापकांनी तसा आकार पाहिला नव्हता. ती खरी की बनावट, हे ठरवता आले नाही, असे रपेल्ट स्पष्ट लिहितात.