याहू ते अल्टाबा : मुख्य व्यवसायाच्या विक्रीनंतर उरलेली कंपनी

मुख्य व्यवसाय विकल्यानंतर कंपनीजवळ काय उरते, या प्रश्नाची चर्चा वाणिज्यशास्त्रात बहुधा ताळेबंदापुरती मर्यादित राहते. अमेरिकेतील ‘याहू’च्या बाबतीत मात्र हा प्रश्न उत्तरदायित्वाचाही ठरतो.

जेरी यांग व डेव्हिड फिलो या स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये संकेतस्थळांची एक सूची सुरू केली. ई-मेल, बातम्या, शोधसेवा हा तिचा पुढील विस्तार म्हणजेच याहूचा मुख्य व्यवसाय. २००५ मध्ये कंपनीने १ अब्ज डॉलर व आपला चीनमधील व्यवसाय देऊन ‘अलिबाबा’त सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. त्यातील बराचसा भाग पुढे विकला गेला. तरीही २०१४ मध्ये अलिबाबाचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आल्यानंतर याहूचे एकूण बाजारमूल्य काही काळ अलिबाबा व याहू जपान यांतील तिच्या हिश्श्यांच्या मूल्याहूनही कमी भरले. हिश्श्यांवरील संभाव्य कराची भीती त्यामागे होती, हे खरे. तथापि कोट्यवधी लोक वापरत असलेल्या सेवांना बाजार जवळजवळ काहीच किंमत देत नव्हता, हेही तितकेच खरे. अशा व्यवसायाला ‘मुख्य’ म्हणणे ही केवळ सवय होती.

अलिबाबातील हिस्सा स्वतंत्र कंपनीत वेगळा काढण्याची योजना कराच्या धास्तीने २०१५ च्या अखेरीस सोडून देण्यात आली. मग उलट मार्ग निघाला : हिस्सा जागेवर ठेवून बाकीचे घरच विकायचे. २०१६ मध्ये व्हेरायझनशी ४.८३ अब्ज डॉलरचा करार झाला. त्यानंतर दोन मोठ्या माहितीचोऱ्या उघड झाल्या व किंमत ३५ कोटी डॉलरने उतरली. जून २०१७ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. याहू हे नावही खरेदीदाराकडे गेले. उरलेली कंपनी ‘अल्टाबा’ या नावाने गुंतवणूक कंपनी म्हणून नोंदली गेली. जिच्या नावातही अलिबाबाचा अंश आहे, तिला स्वतःचे असे काय होते?

दायित्व होते. २०१४ मध्ये ५० कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीस गेली होती आणि गुंतवणूकदारांना ती सुमारे दोन वर्षे सांगितली गेली नाही. याबद्दल अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१८ मध्ये ३.५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. तो भरला अल्टाबाने, जिच्याकडे एकही ई-मेल खाते उरले नव्हते. भागधारकांचे दावे व रोखे आयोगाची चौकशी अल्टाबाकडे, इतर दाव्यांचा खर्च निम्मा-निम्मा, अशी वाटणी दोन्ही पक्षांनी आधीच करून घेतली होती. ज्यांची पत्रे व संकेतशब्द होते ते वापरकर्ते या वाटाघाटीत कोठेच नव्हते. विश्वासभंगाचे रूपांतर येथे किमतीतील सवलतीत झालेले दिसते, आणि ही बाब दंडाच्या रकमेपेक्षा अधिक गंभीर मानावी लागते.

पुढील घटनाक्रम तर अपेक्षेच्या उलट आहे. विकलेला भाग २०२१ मध्ये अपोलो या गुंतवणूक संस्थेकडे गेला आणि याहू याच नावाने टिकून राहिला. मौल्यवान हिस्सा जवळ ठेवणाऱ्या अल्टाबाने मात्र याहू जपान व अलिबाबाचे समभाग विकून २०१९ मध्ये विसर्जनाचा मार्ग धरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिचे समभाग नॅसडॅकवरून उतरले. त्यानंतर भागधारकांना किती रक्कम वाटावी आणि प्रलंबित दाव्यांसाठी किती राखून ठेवावी, हा विषय डेलावेअरच्या न्यायालयापुढे गेला.