मेंढा (लेखा) येथील बांबू आणि शासनाचे धोरण

सशस्त्र संघर्षाने ग्रासलेल्या प्रदेशात स्वयंसेवी संस्था शासनाचे धोरण बदलू शकतात काय, या प्रश्नास होकारार्थी उत्तर देताना गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा दाखला दिला जातो. दाखला यथार्थ आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घेणे अवश्य आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात मात्र तो ‘वृक्ष’ या व्याख्येतच राहिला. तेथून तो वगळला गेला २०१७ साली. या विसंगतीचा परिणाम असा की, २००९ मध्ये ग्रामसभेस सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. मोहन हिराबाई हिरालाल यांची ‘वृक्षमित्र’ ही संस्था आणि देवाजी तोफा प्रभृती ग्रामस्थ यांची भिस्त घोषणांवर नव्हती. गावच्या अभ्यासगटात कायदा समजून घ्यावा आणि त्याच्याच आधारे खात्याशी वाद घालावा, ही त्यांची रीत होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. २०१२ च्या सुधारित नियमांनी या पद्धतीस देशभर आधार दिला.

तथापि हे सारे संस्थेच्याच सामर्थ्याचे फळ मानणे युक्त होणार नाही. नक्षलवादाशी झुंजणाऱ्या शासनास आदिवासींचा विश्वास हवा होता आणि बांबू सोडून देण्यात त्याची फारशी हानी नव्हती. याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे, लोहखनिजाच्या उत्खननास परिसरातील ग्रामसभांनी विरोध केला. तेथेही संघर्ष तोच आणि कायदाही तोच होता. तरी २०१६ पासून खाणकाम पोलीस बंदोबस्तात सुरू झाले.

तेव्हा संस्थांच्या प्रभावाची मर्यादा स्पष्ट होते. कायद्यात हक्क आधीच नमूद असावा, गाव तो मागण्यास सिद्ध असावे आणि शासनाचे सुरक्षाविषयक हित त्या मागणीच्या आड येऊ नये; या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच धोरण हलते. यांपैकी दुसरी तेवढी संस्थेच्या हाती असते. ती थोडी नव्हे. परंतु ग्रामसभेची मागणी मान्य होणे हे प्रभावाचे पहिलेच माप आहे. तिचा नकारही शासनास बंधनकारक वाटतो काय, हे दुसरे व अधिक कठीण माप होय. आणि सुरजागड येथे ते अद्याप अपुरे पडते.